हाताला काम, मुखाला नाम, आणि कानाला?



कीर्तनात मी बोलतो आणि तुम्ही ऐकता. इथं तुम्ही वाचता आहात, म्हणजे मधे टाळ नाही, मृदंग नाही, चुकलं तर सावरून घ्यायला मागे टाळकरी नाहीत. म्हणून आधीच कबूल करतो. आज ज्या प्रश्नाचं निरूपण करणार आहे तो प्रश्न माझा नाही. एका दहावीतल्या मुलीनं तो मला विचारला, आणि त्या दिवशी मी तिला जे उत्तर दिलं ते चुकलं.

आमचं उंद्री चिखली तालुक्यातलं, घाटावरचं गाव. माघात गावात सप्ता होता आणि त्या रात्रीची सेवा माझ्याकडे होती. विषय सावता महाराजांचा. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, अशी आपली परंपरा सांगते. मी दोन तास सांगितलं की बाबांनो, हाताला काम आणि मुखाला नाम असू द्या, मन इकडंतिकडं जाणार नाही. कीर्तन झालं. लोक पाया पडून चालले होते. तेवढ्यात ही मुलगी आईबरोबर पुढे आली.

“महाराज, मी अभ्यास करताना मोबाईलवर गाणं लावते. आई म्हणते ध्यान जाते, मी म्हणते ध्यान लागते. खरं कोणाचं?”

मी म्हणालो, “बाई, ते सिनेमाचं गाणं बंद कर आणि देवाचं लाव. आपोआप मन लागेल.”

ती म्हणाली, “देवाचं तर पहाटे चारपासून भोंग्यावर चालूच असते, महाराज. तवाच तर वाचलेलं डोक्यात रायत नाही.”

लोक हसले. मीही हसलो. तिच्या आईनं तिला मागे ओढलं, “महाराजांना असं बोलतेत का?” म्हणून. पण घरी आल्यावर मला झोप लागेना. पोरगी उद्धट नव्हती. तिनं सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिला सुटसुटीत उत्तर देऊन वाटेला लावलं होतं. देवाचा आवाज चांगला आणि सिनेमाचा वाईट, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. नादानं मन लागतं हे खरं. नादानं मन उडतं हेही खरं. मग कोणता नाद मन लावतो आणि कोणता उडवतो, हे पाहायला नको का?

त्यासाठी आधी जात्यापाशी जाऊ.

माझ्या लहानपणी आमच्या घरी पहाटे जातं फिरायचं. आई दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायचो. जात्याची घरघर, तिच्या हातातल्या बांगड्या आणि वरून तिचा आवाज. आता नीट ध्यान द्या, ती ओवी काम कशी करते. खुंटा धरलेला हात गोल फिरतो. पाळू जड असते, तिला मधे थांबून चालत नाही. थांबली की पुन्हा हलवायला दुप्पट जोर लागतो. म्हणून हाताला एक सारखी गती हवी. ती गती कोण देतं? ओवी देते. ओवीचा एक चरण म्हणजे अमुक इतके फेरे. चरण संपला की श्वास, आणि त्या श्वासात डाव्या हातानं मूठभर दाणे जात्याच्या तोंडात. पुन्हा चरण. पायलीभर ज्वारी दळायची तर दमछाक ठरलेली, पण श्वास ओवीत बांधला गेला की दम पुरतो.

आणि मन? मनाला ओवीत जागा असते. माहेर असतं, भाऊ असतो, सासूचा जाच असतो, विठोबा असतो. मन तिथं फिरून येतं, पण दोर लांब असला तरी खुंट्यालाच बांधलेला. दळण मात्र जाडंभरडं होत नाही.

ही चाल आजकालची नव्हे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली 1290 मध्ये, आणि त्याच्याही दीडेकशे वर्षं आधी आपल्या आयाबाया मुसळाच्या घावावर ओवी गात होत्या. जनाबाई तर दळता दळताच संत झाल्या. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही त्यांचं जातं म्हणून दाखवतात. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी लिहायला वाचायला शिकल्या नव्हत्या. शेतात आणि घरात काम करता करता त्यांना गाणी सुचत गेली. ती घरच्यांनी उतरून घेतली आणि त्यांच्या मागे, 1952 मध्ये, त्यांचं पुस्तक निघालं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोन अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! एवढं मोठं भांडार, आणि ते कोणी सभेत बसून रचलेलं नाही. सगळं काम चालू असताना झालेलं आहे.

आता यातली खरी खूण सांगतो. गावात पिठाची गिरणी आली आणि आमचं जातं कोपऱ्याला गेलं. पुढं मी आळंदीहून शिकून आल्यावर आईला म्हणालो, आई, ती ओवी म्हण ना. तिला आठवेना. एक चरण म्हणायची आणि थांबायची. मग एक दिवस सणाला पुरणासाठी डाळ भरडायला तिनं जातं काढलं, खुंट्याला हात लावला, आणि एकामागून एक ओव्या बाहेर पडायला लागल्या. मी दारात उभा राहून ऐकत होतो. तेव्हा मला कळलं की ओवी तिच्या डोक्यात नव्हती, हातात होती. काम आणि गाणं ही तिच्यापाशी दोन नव्हतीच.

पहिली खूण ही. जो नाद कामातूनच उठतो, कामाच्या गतीनं चालतो आणि करणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडून निघतो, तो मनाला कामात धरून ठेवतो.

मोटेचंही तसंच. तरुण मंडळींनी मोट पाहिलीच नसेल, म्हणून सांगतो. विहिरीच्या काठाशी बैलांना चालायला उतरती धाव असायची. बैल धावेवरून खाली गेले की नाडा ओढला जाऊन भरलेली मोट वर यायची, थारोळ्यात पाणी सांडायचं, आणि बैल मागे सरत पुन्हा वर यायचे. दिवसभर हेच. मोटकरी गायचा. त्याचं गाणं नुसतं मनाच्या करमणुकीला नव्हतं. बैलाच्या कानालाही ते ठाऊक असायचं. कुठं जोर लावायचा, कुठं मागे सरायचं, हे सुरावरून जनावराला कळायचं. सोंगणीला पंधरा माणसं ओळीनं लागली की भलरी म्हणायचे. एक म्हणणार, बाकीचे झेलणार. त्यानं कोणी फार पुढे पळत नाही, कोणी मागे पडत नाही, विळा एकाच ठेक्यात चालतो. दिंडीत टाळ हेच करतो. आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी तर महिनाभर चालत पंढरीला जाते. सत्तरीची म्हातारी कशी चालते, म्हणून लोकांना नवल वाटतं. ती एकटी चालतच नाही. दिंडीचा टाळ तिच्या पायाला धरून नेतो.

आता कोणी म्हणेल, महाराज, हे झालं जुनं. शास्त्र काय म्हणतं? माझे एक शिक्षक स्नेही आहेत, ते मला वाचून दाखवत असतात. त्यातलं थोडं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातल्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चालायचं. एकच खिळा, एकच पाना, तेच ते. माणसं कंटाळून जायची. तेव्हा जून 1940 मध्ये बीबीसी रेडिओनं कामगारांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’, म्हणजे काम करता करता संगीत. सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास. तो पुढं 1967 पर्यंत चालला. त्यात शहाणपण काय होतं पाहा. दिवसभर वाजवत नव्हते. भर बहुतेक वाद्यांवर होता, शब्दांवर नव्हता. आणि टेक्सासवरच्या एका प्रसिद्ध गाण्यात मधे मधे टाळ्यांचा ठेका होता, तर ते या कार्यक्रमात वाजवायला बंदी होती. का? कामगार हातातलं काम सोडून ठेका धरतील म्हणून! आमच्याकडं एखादा टाळकरी रंगात आला की कीर्तनकाराचं बोलणं विसरून स्वतःच नाचायला लागतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट. इटलीतले डॉक्टर लुचानो बर्नार्डी यांनी 2001 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळ आणि तिबेटी मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी माणूस बारा ते वीस वेळा श्वास घेतो. म्हणजे जप कोणत्या धर्माचा, हे श्वासानं विचारलं नाही. स्वतःच्या मुखानं, एका लयीत म्हटलं, एवढं त्याला पुरलं. आपल्या नामस्मरणाचं बळ यात मावतं असं मी म्हणत नाही, नामाचा महिमा मोठा आहे. पण नाम घेणाऱ्याच्या देहात काय घडतं, त्याची एक बाजू यात दिसते.

आणि तिसरी, त्या मुलीच्या कामाची. मानसशास्त्रातल्या लोकांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे की माणूस काही शब्द किंवा आकडे लक्षात ठेवत असताना कानावर बोलणं पडत राहिलं, तर त्याचं जास्त चुकतं. ते बोलणं ऐकायचं नाही असं ठरवलं तरी चुकतं. अनोळखी भाषेतलं असलं तरीही त्रास होतो. कारण वाचणारा माणूस ओठ मिटून असला तरी आत स्वतःशी बोलतच असतो. आत पुस्तकाचे शब्द, बाहेरून गाण्याचे शब्द. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? आणि बाहेरचा शब्द ‘पिया’ असो की ‘पांडुरंग’, जागा तो तेवढीच अडवतो.

म्हणजे पोरगी खरं बोलली होती. तिचं गाणं तिला अडवत होतं, आणि माझा काकडाही.

आता मला एक कठीण गोष्ट सांगायची आहे.

माझा एक पुतण्या आहे. आमच्या भजनी मंडळात तो मृदंग वाजवायचा. हात गोड होता. लहानपणी त्याला मीच बसवलं होतं. तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या दिवसांत, सुडी मोडून मळणी मशीनवर काम चालू होतं. पावसाचं वातावरण होतं, घाई होती. तो पेंढी घालायला उभा होता आणि कानात हेडफोन. मशीनचा कर्कश आवाज सोसत नाही म्हणून तो गाणी लावायचा. देवाचीच गाणी होती हो. अभंगच होते.

मशीन बोलत असतं, मायबाप. ज्यानं मळणी केली त्याला ठाऊक आहे. माल नीट जातो तेव्हा एक आवाज, पेंढी अडकली की दुसरा. तो जड होतो, खालावतो. कान उघडे असले की हात आपोआप मागे येतो. याचे कान बंद होते. पेंढी अडकली, यानं ती ढकलायला हात घातला, मागून बापानं हाक मारली ती ऐकू गेली नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मृदंगाचा हात गेला.

तुम्हाला गोरोबाकाकांची कथा ठाऊक आहे. तेरचे गोरोबा चिखल तुडवत होते, मुखात नाम, देहभान नाही. रांगत आलेलं मूल पायाखाली आलं. पुढं त्यांनी हात तोडून घेतले, आणि पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात देवानं हातही दिले आणि मूलही दिलं. ही कथा मी चाळीस वर्षं सांगतो आहे. देहभान हरपणं हे भक्तीचं शिखर आहे असं सांगतो, आणि ते खोटं नाही. पण पुतण्याचं हे झाल्यावर पहिल्यांदा ती कथा सांगायला उभा राहिलो, तर तो मागे टाळ घेऊन उभा होता. पट्टी सुटलेली होती. आणि मी त्या मातेच्या आक्रोशापाशी येऊन थांबलो. एरवी तिथून मी भराभर पुढे जायचो, कारण पुढं देव यायचा असतो. त्या दिवशी पुढं जाता येईना. मृदंगवाल्यानं दोनदा ठेका दिला तरी मला शब्द सापडेना.

त्या रात्रीपासून मी ती कथा थोडी वेगळी सांगतो. कथेनं त्या आईचा आक्रोश लपवलेला नाही. तिनं नवऱ्याला बोल लावले, तेही कथेनं गाळलेलं नाही. संतांच्या चरित्रातच तो इशारा आहे. गोरोबांसाठी देव धावला. ते गोरोबा होते. आपण आपले आहोत, आणि मळणी मशीन काही पंढरी नाही. ज्या कामाला कान लागतात, तिथं कान कामालाच द्यावेत. रस्त्यावर गाडी चालवताना, मशीनवर, चुलीवर उकळतं असताना, पाळण्यात लेकरू असताना कान उघडे ठेवणं हीसुद्धा सेवाच आहे. तेव्हा नाम सोडा असं मी म्हणत नाही. मनातल्या मनात घ्या. ते कान अडवत नाही.

मग नादाचा उपयोग करायचा तरी कसा? सप्त्यातलंच एक उदाहरण देतो. सात दिवस विणा खाली ठेवायचा नाही असा आपला नेम आहे. पहारा लावलेला असतो, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायचा. रात्री दोनच्या पहाऱ्याला उभं राहून पाहा. गाव झोपलेलं, थंडी मी म्हणते, डोळे मिटतात. हातात एक विणा, त्याची तीच तार, तोच स्वर, आणि तोंडात हळू आवाजात नाम. त्या स्वरात काही नवीन नाही. चाल बदलत नाही, पुढं काय येईल याची उत्सुकता नाही. म्हणूनच तो मनाला कुठं नेत नाही. मन भटकून आलं की त्याला उभं राहायला तो उंबरठा देतो. आता तो पहारा माझा पुतण्या घेतो. विण्याला राहिलेली बोटं पुरतात.

आळंदीला जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं मी चार वर्षं होतो. तिथं पाठांतर कसं करायचो? इंद्रायणीच्या काठानं येरझाऱ्या घालत, मोठ्यानं म्हणत. पावलाला पाऊल, शब्दाला शब्द. वैदिक मंडळी तर पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असे शब्द उलटसुलट गुंफून म्हणतात; आवाजानंच पाठ पक्का करण्याची ती रीत. म्हणजे अभ्यासातही नाद आहे, पण तो अभ्यासाचाच नाद आहे. जे शिकायचं तेच मुखात. दुसरं काही नाही.

तर त्या मुलीला त्या रात्री जे सांगायला हवं होतं ते आता सांगतो, आणि तुम्हीही ते घरात लावून पाहा.

बाई, काम तीन तऱ्हेचं असतं. हाताचं, जे हाताला पाठ आहे: भांडी, निंदणी, लसूण सोलणं, भाकरी, शिलाई. तिथं गा. नुसतं लावून ठेवू नको, स्वतः गा. येत नसेल तर गुणगुण. कामाची गती आणि गाण्याची गती जुळू दे. गाणं उडतं लागलं तर हात घाई करतो आणि काम बिघडतं. दुसरं काम डोक्याचं आणि शब्दांचं: वाचणं, लिहिणं, हिशेब, पाठ करणं. तिथं शब्दाचं गाणं नको, माझा अभंगसुद्धा नको. पाठ करायचं ते मोठ्यानं म्हण, फेऱ्या मार. आजूबाजूला फारच गलका असेल तर एखादी संथ बासरी किंवा तंबोरा लाव, अगदी हळू. कोणी हाक मारली तर ऐकू येईल इतपत. तिसरं काम जोखमीचं. तिथं कान मोकळे.

आणखी एक. काम सुरू करायच्या आधी दोन मिनिटं मोठ्यानं नाम घे. मग थांब, आणि पुस्तक उघड. कीर्तनाच्या आधी आम्ही भजन करतो, सभा एका सुरावर आणतो, आणि मग भजन थांबवूनच बोलायला लागतो. भजन चालूच ठेवलं तर निरूपण कोणाला ऐकू येईल? नादाचा हा एक मोठा उपयोग आहे, आणि तो थांबवल्यावर मिळतो. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे. एवढा नामाचा गजर करणारा पुरुष, पण त्यालाही एकांत लागत होता.

आता राहिला भोंगा. पोरीनं खरं बोट तिथं ठेवलं होतं. सरकारचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावू देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक आहे. देवाच्या कामाला कोण अडवतं, असं म्हणून आपण चालवतो. मी विचार केला, काकड्याचा हेतू काय? देवाला उठवायचं. देव गाभाऱ्यात आहे, त्याला भोंगा कशाला? आणि गावात कोणी आजारी आहे, कोणी रात्रपाळी करून आलं आहे, कोणाची परीक्षा आहे. त्यांच्या कानात आपण जे ओततो ते त्यांच्या मुखातून आलेलं नाही, त्यांच्या कामाच्या गतीचं नाही. मी वर सांगितलेल्या खुणा लावल्या तर माझाच काकडा त्यात बसत नव्हता.

पुढच्या सप्त्याच्या बैठकीत मी हे मांडलं. सोपं गेलं नाही. एक जण म्हणाले, “भोंगा नाही तर सप्ता कायचा, महाराज? बाजूच्या गावात ऐकू गेलं पाहिजे.” वर्गणी देणारे दोघं रुसले, ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. शेवटी ठरलं: काकडा नुसत्या टाळ-मृदंगावर, भोंगा सहानंतर, आणि रात्रीचं कीर्तन नऊला सुरू व्हायचं ते साडेसातला. पहिल्या पहाटे मी धास्तावलोच होतो, कोणी येतं की नाही. रोज येणारी होती तितकीच माणसं आली. भोंग्यानं जास्तीचं एकही माणूस आणलं नव्हतं, हे त्या पहाटे कळलं. आणि दुसरी गोष्ट अशी झाली की भोंगा नाही म्हटल्यावर मागे नुसती बसून राहणारी मंडळी स्वतः म्हणायला लागली. आवाज कमी पडतो म्हणून प्रत्येकाला तोंड उघडावं लागलं. कोपऱ्यात एक आजी बसली होती. अभंग झाल्यावर तिनं हळूच जात्यावरच्या चालीत काहीतरी धरलं, आणि तिच्या शेजारच्या दोघींनी ते उचललं. भोंगा असता तर ते कोणाला ऐकू गेलं नसतं.

ती मुलगी आता चिखलीला शिकायला असते, असं तिच्या आईनं सांगितलं. हे पुस्तक तिच्यापर्यंत गेलं तर तिनं एवढंच वाचावं की महाराजांनी तिचा प्रश्न ऐकला होता, उत्तर द्यायला एक वर्ष लागलं.

मायबाप हो, उद्या सकाळी कामाला लागाल तेव्हा आधी कामाला विचारा, तुला माझे कान पाहिजेत का? पाहिजे म्हणालं तर देऊन टाका. नको म्हणालं तर स्वतःच्या गळ्यातून, स्वतःच्या श्वासानं, दोन नाम तरी म्हणा. सूर कसा का लागेना. आईची ओवी काही सुरात नव्हती, पण पीठ मात्र मऊ निघायचं.

रामकृष्णहरी.